एकोणिसावा रकाना

आमच्या दाखल्याला एकोणीस रकाने.
अठरा भरायला मला चार मिनिटं लागतात:
नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी, मग अक्षरी,
वर्तणूक: चांगली.
(वर्तणूक सगळ्यांचीच चांगली,
बाक मोडणाऱ्यांचीसुद्धा.)
एकोणिसावा: शाळा सोडल्याचे कारण.

जूनचा पहिला आठवडा, सोलापूर, दुपार.
पत्रा तापलाय, पंखा वारा देत नाही,
नुसता आवाज देतो.
टेबलापलीकडे नरसम्मा म्याकल,
बोटांच्या पेरांत तंबाखूचा तपकिरी रंग.
बाहेर नळापाशी राजेश्वरी,
गणितात सव्वीस.

आतून बिराजदार सर ओरडतात,
त्यांना भिंतीतूनही ऐकू येतं:
"चाळायचंच नाही म्हटल्यावर
कोंडा काय अन् पीठ काय, म्हमाणे!
सगळ्यांनाच पास म्हणून सोडलं
तर आपला शिक्का कोण विचारील?"

मला पटतं. खोटं कशाला बोलू.
मी मार्केट यार्डातल्या हमालाचा पोरगा,
इंग्रजीत दोनदा आपटलो, तिसऱ्यांदा पस्तीस.
ते पस्तीस नसते तर ह्या खुर्चीवर
चेअरमनसाहेबांचा मेव्हणा बसला असता.
पेपर तपासणाऱ्याला
माझं आडनाव तरी माहीत नव्हतं.

पण तो व्हरांड्यातला सुविचाराचा फळा,
तीन वर्षं रोज राजेश्वरीच्या अक्षरात.
शेवटचा अजून कोणी पुसला नाही:
'अपयश ही यशाची पहिली पायरी.'
पुढे किती पायऱ्या, ते तिलाही
कोणी सांगितलं नव्हतं.

"जुलैला परत बसवा की."
"फारमचे पैसे हायेत, सर.
पोरगी पुस्तक उघडली की थरथरते."

मग ती विडीचं सांगते, मी विचारलं नसताना.
हजार वळून नेल्या की कारखान्यात छाट काढतात:
ही सैल, ही बारीक, हिचं तोंड नीट मोडलं नाही.
साठ-सत्तर बाजूला. त्यांची मजुरी नाही.
"पण छाटाची विडी टाकून देत नाहीत, सर.
ठिवून घेतात. इकतात."
पदरानं मान पुसते.
मला वाटतं अजून काही बोलेल.
बोलत नाही.

एकोणिसाव्या रकान्यात मी लिहितो
'पालकांच्या विनंतीवरून.'
नियमात बसतं.
उद्या सोयरिकीत, परवा कुठल्या कचेरीत
तो दुसरा शब्द पुढे यायला नको.
मनातल्या मनात मी स्वतःची पाठही थोपटतो.

"काय लिवलं?"
वाचून दाखवतो.
"मी कवा केली विनंती?"

पंखा.

"धा वर्सं पाठवली तिला.
पानं कापायला एक दिवस घरी ठिवली नाही.
शेजारणी हसल्या, तरी नाही.
नापास झाली तर नापास लिवा, सर.
मी काढली म्हणून लिवू नका."

दाखल्यावर खाडाखोड चालत नाही.
जुना रद्द करून फाइलला लावायचा,
एक नंबर वाया, वर त्याचा खुलासा.
मी नवा घेतो. नाव. आईचं नाव.
ह्या वेळी चार मिनिटांत होत नाही.
वर्तणुकीपाशी पेन जरा थांबतं,
'चांगली'च्या पुढे जागा आहे का बघतं.
नाही.
शेवटी एकोणिसावा, एका दमात.

नरसम्माला मराठी वाचता येत नाही.
"राजी, इटु रा," ती हाक मारते.
पोरगी येते, ओले हात फ्रॉकला पुसते,
पहिल्या रकान्यापासून मोठ्यानं वाचते,
वर्गात उभं केल्यासारखी, न अडखळता,
जन्मतारीख अक्षरीसुद्धा.
शेवटच्या ओळीवर अडते.

"सर," खाली बघत म्हणते,
"अनुत्तीर्णमधली ती दीर्घ."

मी चष्मा काढून बघतो.
ऱ्हस्व आहे.

खाडाखोड चालत नाही.
मी तिसरा दाखला काढतो.